ट्रायम्फ स्पिटफायरचं मागचं सस्पेन्शन आणि व्हीलबेस: कुठे हात घालायचा आणि कुठे नाही

ट्रायम्फची ही छोटी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, स्पिटफायर, घेतली की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं, वळणावर ब्रेक मारू नको, मागची चाकं आत दुमडतात. ते खोटं नाही, पण सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांना ते का होतं हे माहीत नसतं, आणि मग लोक इंटरनेटवर बघून एक लोअरिंग ब्लॉक (गाडी मागून खाली बसवणारा ठोकळा) मागवतात, तो ठोकतात आणि गाडी आधीपेक्षा विचित्र चालायला लागली की म्हणतात जुन्या गाड्या अशाच. तसं नाहीये. या गाडीत मागच्या चाकाचा कॅम्बर (चाक वरून आत की बाहेर कललंय), टो (चाकाचं तोंड आत की बाहेर वळलंय) आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर) या तीन वेगळ्या गोष्टी नाहीत, एक हलवली की बाकीच्या दोन आपोआप हलतात. हे डोक्यात ठेवून काम केलं की घरच्या गॅरेजमध्ये, साध्या हत्यारांनी, दोन-तीन वीकेंडमध्ये चांगला रिझल्ट मिळतो.

मी इकडे इंग्लंडात आहे त्यामुळे पार्ट्सचं वगैरे इथलं लिहितोय. पण पुण्या-मुंबईत ज्यांच्याकडे स्टँडर्ड हेराल्ड (ट्रायम्फ हेराल्डची भारतात बनलेली आवृत्ती) आहे त्यांनीही वाचा, कारण स्पिटफायर मुळात हेराल्डचीच चासी आखूड करून बनवलेली आहे. हेराल्डचा व्हीलबेस साडेएक्याण्णव इंच म्हणजे 2324 मिमी, स्पिटफायरचा 83 इंच म्हणजे 2108. इटालियन डिझायनर मिकेलोत्तीने डिझाइन केलेली ही दोन सीटर 1962 च्या लंडन मोटर शोमध्ये आली आणि कोव्हेंट्रीच्या कॅनली कारखान्यात 1980 पर्यंत बनत होती.

आधी मागे काय आहे ते समजून घ्या

डिफरन्शियल (थोडक्यात डिफ, इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) चासीला फिक्स. त्याच्या डोक्यावर एक आडवा पाटा (लीफ स्प्रिंग), या चाकापासून त्या चाकापर्यंत. डिफमधून दोन्ही बाजूंना एकेक शाफ्ट निघतो आणि प्रत्येक शाफ्टला क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) फक्त आतल्या टोकाला, बाहेरच्या टोकाला नाही. म्हणजे चाक शाफ्टला काटकोनात पक्कं बसलेलं आहे, शाफ्ट जिकडे कलेल तिकडे चाक कलणार. यालाच स्विंग अॅक्सल म्हणतात. बाहेर एक उभा तुकडा, व्हर्टिकल लिंक, तो वर पाट्याच्या डोळ्याला आणि खाली हबच्या हाउसिंगला. आणि चाकाने पुढे-मागे पळू नये म्हणून एक रेडियस आर्म, जो व्हर्टिकल लिंकपासून पुढे येऊन सीटच्या मागे बॉडीला ब्रॅकेटने अडकवलेला असतो. हेराल्डमध्ये हा आर्म चासीच्या आउटरिगरला (बाजूला निघालेल्या हाताला) लागतो, स्पिटफायरमध्ये बॉडीला, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा आहे.

वळणावर बाहेरच्या चाकाच्या तळाशी रस्ता आतल्या दिशेने ढकलतो, शाफ्टचा पिव्होट मात्र वर क्रॉसपाशी आहे, त्यामुळे तो जोर बॉडीला वर उचलतो. बॉडी वर गेली की शाफ्ट खाली कलतो, चाक खालून आत जातं, टायरची पकड जाते. त्यात तुम्ही घाबरून अॅक्सिलरेटर सोडला तर वजन पुढे जातं आणि मागचा भाग आणखी उचलला जातो. झालं, गाडी गोल.

कंपनीलाही हे कळलं होतं. 1970 च्या शेवटी मार्क फोर (स्पिटफायरची चौथी आवृत्ती) आली तेव्हा त्यांनी स्विंग स्प्रिंग आणली: जुन्या पाट्याची सगळी पानं डिफवर घट्ट आवळलेली असतात, नव्यात एकच पान पक्कं आणि बाकीची मधल्या पिनवर एका बॉक्समध्ये झुलतात. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर पाटा पूर्ण ताकदीने काम करतो, पण बॉडी एका बाजूला झुकली तर तो बराचसा नुसता झुलतो, म्हणजे मागची रोल स्टिफनेस (बॉडी झुकण्याला होणारा विरोध) खूप कमी होते. ती कमी झाली म्हणून पुढचा अँटी-रोल बार (बॉडीचं झुकणं आवरणारा आडवा दांडा) 11/16 इंचाचा होता तो 7/8 चा केला. मग 1973 च्या सुरुवातीला शाफ्ट प्रत्येकी एक इंच लांब केले, मागचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) 48 चा 50 इंच झाला. मोठी बहीण जीटी6, तिला 1968 मध्ये रोटोफ्लेक्स कपलिंग (शाफ्टमधला रबरी जोड) आणि खालचे विशबोन (चाक धरणारे आडवे हात) दिले, आणि 1973 मध्ये तीही परत स्विंग स्प्रिंगवर आली. म्हणजे बघा, कारखान्याने स्वतःच महागडा उपाय सोडून स्वस्त उपाय ठेवला.

कुठला रस्ता धरायचा

मार्क वन, टू किंवा थ्री असेल तर माझं मत स्पष्ट आहे, स्विंग स्प्रिंग अधिक जाड पुढचा बार, आणि मिळत असतील तर लांब शाफ्ट. नुसता लोअरिंग ब्लॉक हा अर्धा उपाय आहे, तो कॅम्बर निगेटिव्ह करतो (चाक वरून आत कलतं) पण मागची कडक रोल स्टिफनेस तशीच राहते. कॅम्बर कॉम्पेन्सेटर, म्हणजे खालून लावायची आडवी पट्टी, त्या काळात चालायची, आजही चालते, पण ग्राउंड क्लिअरन्स खाते. रोटोफ्लेक्सच्या नादाला तुमच्याकडे आधीपासून ती गाडी असेल तरच लागा.

मार्क फोर किंवा 1500 (तिच्यानंतरचं शेवटचं मॉडेल) असेल तर तुमच्याकडे सगळं आहेच, फक्त पाटा बसलाय का, बुश (सांध्यांतली रबरं) गेलेत का आणि शिम (अंतर जुळवायचे पातळ पत्रे) बरोबर आहेत का एवढंच बघायचं. मला वाटतं दहातल्या बऱ्याच गाड्या या एवढ्यावरच सुधारतात.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा: स्विंग स्प्रिंग घालून पुढचा बार जुनाच ठेवू नका. गाडी होडीसारखी डोलते.

सामान मागवताना शाफ्ट सुटे न घेता हब, बेअरिंग, बॅकप्लेटसकट जोडी घ्या. मागचा हब शाफ्टच्या टेपरवर चावीसकट इतका घट्ट बसलेला असतो की साध्या पुलरने तो निघत नाही, पुलर वाकतो. ते काम खास पुलर असलेल्या माणसाकडेच द्या. शाफ्टच्या फ्लँजचे बोल्टहोल तुमच्या डिफच्या फ्लँजशी जुळतात का ते आधी मोजा, जुन्या गाड्यांत लहान आणि मोठी अशा दोन्ही फ्लँज सापडतात. आणि पाने इंची लागतील, मिलिमीटरचे पाने लावून नटांची डोकी गोल करू नका.

मोजमाप, काहीही खोलायच्या आधी

कंटाळवाणं काम, पण हेच खरं काम. जमीन सपाट पाहिजे. टायरमध्ये हवा बरोबर, टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवून साधारण 70 किलो वजन. गाडी हाताने चार-पाच मीटर पुढे ढकला म्हणजे चाकं नैसर्गिक जागेवर येतात. जॅकवरून नुकतीच उतरवलेली स्विंग अॅक्सल गाडी कधीच मोजायची नाही, चाकं आत दुमडलेली असतात आणि सगळे आकडे खोटे येतात.

पुढच्या हबच्या मध्यातून ओळंबा सोडा, जमिनीवर मास्किंग टेप चिकटवून त्यावर खूण करा, मागेही तसंच. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस मोजा, 2108 च्या आसपास यायला पाहिजे, पण आकड्यापेक्षा डावी-उजवी सारखी आहे का हे महत्त्वाचं. दोन-तीन मिमीच्या फरकाला मी काही म्हणत नाही. त्याहून जास्त असेल तर थांबा आणि पुढच्या विशबोन ब्रॅकेटच्या मागचे शिम दोन्ही बाजूंना सारखे आहेत का बघा, कारण फरक पुढून पण येऊ शकतो. मागचा दोष आहे की पुढचा हे ठरवायला चासीवरची एखादी सिमेट्रिक जागा धरा, पुढच्या खालच्या विशबोनचा ब्रॅकेट बरा पडतो, तिथून मागच्या हबपर्यंत सरळ आणि तिरपं, दोन्ही मापं घ्या. तिरपी मापं जुळत नसतील तर चासी कधीतरी ठोकलेली आहे, आणि ते प्रकरण वेगळं.

टो मोजायला दोन्ही बाजूंना स्टँडवर दोऱ्या ताणा, गाडीच्या मध्यरेषेला समांतर. इथे लोक हमखास फसतात: पुढचा आणि मागचा ट्रॅक सारखा नाहीये. मार्क थ्रीमध्ये पुढचा 49 इंच, मागचा 48, म्हणजे दोरीपासून मागचा हब पुढच्यापेक्षा प्रत्येक बाजूला सुमारे 13 मिमी आत असायला पाहिजे. लांब शाफ्ट लावल्यावर उलटं, मागचा हब 13 मिमी बाहेर. हे सेट झालं की रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं दोरीपासूनचं अंतर मोजा, फरक म्हणजे त्या चाकाचा टो. कॅम्बरला मोबाइलचं अँगल अॅप चालतं, रिमवर सरळ पट्टी टेकवून. सगळं वहीत लिहा, बाजूनुसार.

खोलताना

गाडी मागून उचला, चासीखाली घोड्या लावा, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली जायचं नाही, हे लिहायची गरज नसावी पण लिहितो. चाकं काढा. सीटच्या मागचं कार्पेट उचललं की एक छोटी कव्हर प्लेट दिसेल, तिच्याखाली पाट्याचे नट आहेत, सहा. आदल्या रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

एका बाजूला व्हर्टिकल लिंकखाली दुसरा जॅक लावून ती थोडी वर दाबा, मग शॉकअपचा खालचा नट काढा. हा क्रम बदलू नका, या गाडीत शॉकअपच चाकाला खाली लटकण्यापासून अडवतो, जॅक न लावता तो सोडला तर चाक एकदम खाली जातं, ब्रेकचा होज ताणला जातो आणि क्रॉसवर भार येतो. शॉकअप सुटला की होज आणि हँडब्रेकची केबल सोडवा, जॅक हळूहळू खाली घ्या, पाटा ढिला होईल. मग रेडियस आर्मचा मागचा बोल्ट, फ्लँजचे चार बोल्ट, शेवटी पाट्याच्या डोळ्याचा बोल्ट. तो बहुतेक वेळा आतल्या बुशला गंजून चिकटलेला असतो. हातोडा मारत बसू नका, करवत घ्या आणि नवीन बोल्ट वापरा. अख्खी असेंब्ली बाहेर येते. दुसरी बाजू तशीच. वरून सहा नट सोडले की पाटा चाकाच्या कमानीतून बाजूला ओढून काढायचा, जड असतो, दुसरा माणूस बोलवा.

आता रिकाम्या जागेत टॉर्च घेऊन नीट बघा. रेडियस आर्मचा ब्रॅकेट जिथे बॉडीला लागतो, सिलच्या (दाराखालच्या लांब पत्र्याच्या पेटीच्या) मागच्या टोकाशी आणि सीटमागच्या उभ्या पत्र्यात, तो भाग स्क्रूड्रायव्हरने टोचा. आत गेला तर सस्पेन्शनचं काम तिथेच थांबवा आणि आधी वेल्डर गाठा. पत्रा लवचिक झाला की तुम्ही कितीही शिम घाला, गॅस (अॅक्सिलरेटर) सोडताना आणि मारताना मागचं चाक पुढे-मागे सरकणार, गाडी स्वतःच स्टिअरिंग करणार. स्पिटफायरला हेराल्डसारख्या बाहेरच्या चासी रेल नाहीत, सिलच ताकद देतात, त्यामुळे इथला गंज म्हणजे दिसण्याचा प्रश्न नाही. डिफची माउंटिंग बुशही आत्ताच बघून घ्या, ती गेली असतील तर अख्खा डिफ थोडा फिरतो आणि दोन्ही चाकांना बरोबर घेऊन जातो.

बसवताना

स्विंग स्प्रिंगच्या बॉक्सला स्टड वेगळ्या लांबीचे लागतात, किटबरोबर येतात का विचारून घ्या. स्टडच्या धाग्यांना सीलंट लावा, नाहीतर डिफचं तेल तिथून पाझरतं. पाट्यावर पुढची बाजू कोरलेली असेल तर ती खरंच पुढे ठेवा. पानांच्या टोकांमधली बटणं झिजली असतील तर बदला, पाटा किरकिरतो आणि अडखळतो तो त्यांच्यामुळेच. जुन्या बॉडीवर बॉक्स वरच्या कव्हर प्लेटला टेकतो का ते हाताने चाचपून बघा, टेकत असेल तर प्लेट उंच करून घ्या, बॉक्स घासू नका.

बाकी खोललं त्याच्या उलट. पण रबर बुश ज्यातून जातात ते बोल्ट, म्हणजे पाट्याचा डोळा, रेडियस आर्मची दोन्ही टोकं, शॉकअप, हे आत्ता फक्त हाताने बसवा. गाडी चाकांवर, वजनासकट उभी राहिल्यावर मग फायनल टाइट करायचे. चाकं लटकत असताना आवळले तर बुश पिळलेल्या अवस्थेत कायम राहतात, गाडी मागून उंच बसते आणि बुश वर्षभरात फाटतात. टॉर्कचे आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधलेच घ्या. पुढचा 7/8 चा बार नवीन बुशसकट त्याच दिवशी लावा. ब्रेक ब्लीड करा, म्हणजे पाइपातली हवा काढा.

आता सेटिंग: कॅम्बर आधी, टो नंतर

क्रम हाच. उंची बदलली की कॅम्बर बदलतो आणि टोसुद्धा, म्हणून टो शेवटी.

क्रॉसपासून चाकाच्या मध्यापर्यंत साधारण 480 मिमी धरलं तर मागून गाडी 25 मिमी खाली आली की कॅम्बर सुमारे 3 अंशांनी निगेटिव्हकडे जातो. म्हणजे एक इंचाचा ब्लॉक हा केवढा मोठा बदल आहे बघा. रस्त्यावरच्या गाडीला, वजनासकट, दीड ते दोन अंश निगेटिव्ह मला पुरेसे वाटतात. नवीन पाटा घातल्यावर लगेच ब्लॉक घालू नका, पाटा चालवून बसू द्या, दोन-तीनशे किलोमीटरने मोजा, मग ठरवा. जास्त निगेटिव्ह करून लोक टायरची आतली कड खाऊन टाकतात आणि सरळ रस्त्यावर ब्रेकिंगही बिघडवतात.

उंचीबरोबर रेडियस आर्म पण कलतो. आर्म आडवा असताना चाक सगळ्यात मागे असतं, वर किंवा खाली कलला की चाक थोडं पुढे ओढलं जातं. समजा आर्म 400 मिमी लांब आहे आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत 40 मिमी फरक आहे, तर चाक आडव्या स्थितीपेक्षा 2 मिमी पुढे आलं, म्हणजे त्या बाजूचा व्हीलबेस तेवढा कमी आणि टो-इन (चाकाचं तोंड आत) जास्त. एका बाजूचा पाटा बसलेला असेल तर डावी-उजवी वेगळी होते ती अशी.

आता शिम. रेडियस आर्मच्या पुढच्या ब्रॅकेट आणि बॉडीच्या मधे पातळ पत्रे असतात. शिम घातली की चाक मागे जातं, व्हीलबेस वाढतो, आणि शाफ्ट आतल्या क्रॉसवर फिरत असल्यामुळे चाकाचं तोंड बाहेर वळतं, टो-आउट. शिम काढली की उलट. ढोबळ हिशेब, 1 मिमी शिमने रिमवर त्या चाकाचा टो सुमारे पाऊण मिमी बदलतो. दोन्ही चाकांचा मिळून शून्य ते दीड मिमी टो-इन ठेवा, आणि तो दोन्ही बाजूंना सारखा वाटलेला पाहिजे. मागे टो-आउट अजिबात नको. एका चाकाला टो-आउट आणि दुसऱ्याला टो-इन असेल तर बेरीज शून्य येते आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते, म्हणूनच दोरीने प्रत्येक चाक वेगळं मोजायला सांगितलं.

टो दोन्ही बाजूंना बरोबर बसला की व्हीलबेस परत मोजा. तोही जुळला तर उत्तम. टो जुळतोय आणि व्हीलबेस जुळत नाही तर शिमशी खेळू नका, डिफ वाकडा बसलाय किंवा चासीतच फरक आहे. शिमने तो फरक झाकता येत नाही, कारण व्हीलबेस जुळवायला गेलात की टो बिघडतो.

मग व्हीलबेस खरंच बदलायचा असेल तर?

काहीजण विचारतात की मागचं चाक कमानीत पुढे दिसतं, शिम घालून 10 मिमी मागे घेऊ का. हिशेब करा, प्रत्येक चाकाला 7 मिमीच्या वर टो-आउट, गाडी चालवायच्या लायकीची राहणार नाही. दोन्ही चाकं सरळ मागे न्यायची तर डिफ, पाटा, रेडियस आर्मचे ब्रॅकेट, प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा शाफ्ट) सगळंच मागे न्यायला पाहिजे. आणि आखूड करायची, म्हणजे हेराल्डच्या चासीतून 216 मिमी कापून स्पिटफायरच्या मापाला आणायची, हे किट कार आणि स्पेशल बनवणाऱ्यांनी भरपूर केलंय. पण त्यात प्रॉपशाफ्ट कापून बॅलन्स करणं, ब्रेक पाइप, हँडब्रेक केबल, एक्झॉस्ट, बॉडी माउंट हे सगळं येतं, आणि वेल्डिंग जिग (चासी जागेवर घट्ट धरणारा सांगाडा) नसेल तर चासी पिळ खाते. शिवाय आखूड व्हीलबेसची गाडी मागून सुटली की जास्त झटकन सुटते. स्विंग अॅक्सल आणि आखूड व्हीलबेस हे दोन्ही एकत्र मागून घेण्यासारखं त्यात काही नाही.

कागदपत्रांचाही प्रश्न आहे. ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरच्या गाडीला वार्षिक एमओटी टेस्टमधून (गाडीच्या फिटनेस तपासणीतून) सूट आहे, पण गाडीत मोठा बदल केलेला असेल तर ती सूट जाऊ शकते, आणि चासी कापणं हा मोठा बदलच. स्विंग स्प्रिंग ही त्याच मॉडेलवर कारखान्यातून आलेली गोष्ट असल्यामुळे ती समजावून सांगायला सोपी पडते, तरी इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा.

भारतातल्या हेराल्डवाल्यांसाठी

स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने मद्रासला 1961 पासून हेराल्ड बनवली, तिची चार दरवाज्यांची आवृत्ती तर खास भारतातलीच. मागे हाच स्विंग अॅक्सल आणि हाच आडवा पाटा. 1972 मध्ये तिच्या जागी गॅझेल आली तेव्हा कंपनीने हे सगळं सोडून मागे साधा एकसंध लाइव्ह अॅक्सल दिला. त्यामुळे कोणी म्हणालं की गॅझेलचा अॅक्सल हेराल्डला लावू, तर मी नको म्हणेन. 2021 च्या व्हिंटेज नियमांत 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा बदल नसावा अशी अट आहे, आणि गाडीत बदल करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 तर आहेच. पाट्याची पानं चांगल्या पाटेवाल्याकडून सेट करून घ्या, बुश आणि क्रॉस बदला, आउटरिगरचा गंज काढा, शिम वर सांगितल्याप्रमाणे जुळवा. एवढ्यात हेराल्ड सरळ चालते.

पहिली चक्कर

टायर 155/80 आर 13 असतील तर पुढे 21, मागे 26 पीएसआय, म्हणजे 1500 चे कारखान्याचे आकडे, तिथून सुरुवात करा. पुढच्या-मागच्यातला फरक मुद्दाम आहे, पेट्रोल पंपावरच्या पोराला चारही चाकांत 30 भरू देऊ नका. पहिले वीस-पंचवीस किलोमीटर हळू, मग परत येऊन फ्लँजचे बोल्ट, पाट्याचे नट आणि ब्रेकचे जॉइंट तपासा. गॅस मारताना-सोडताना मागून ठक असा एकच आवाज आला तर रेडियस आर्मचा बुश किंवा क्रॉस बघा. वळणात एकसारखा गॅस ठेवून वेग थोडा थोडा वाढवा, गाडी पुढून थोडी ढकलल्यासारखी वाटायला पाहिजे. मागून हलकी वाटली तर परत दोऱ्या ताणा, बहुतेक एका चाकाला टो-आउट राहिलेला असतो. दोन-तीनशे किलोमीटरने सगळी मापं पुन्हा घेऊन वहीतल्या आधीच्या आकड्यांशेजारी लिहा, आणि रबर बुशचे बोल्ट तेव्हा एकदा सोडून, वजन ठेवून, परत आवळा.